चार पायांचा घोडा

१२ फेब्रुवारी १९८७
शिमगोत्सवाच्या स्मरणिकेतील युद्धचित्राचे काम अस्मादिकांकडे आले! डिचोलीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या महापुरुषाने जिवंत अश्व आयुष्यात दोनदाच पाहिला आहे. उर्वरित अश्वज्ञान बालमित्र सगुणच्या कमरेचे — घोडेमोडणीत तो लाकडी घोडा बांधून, तलवार परजत नाचतो. त्या घोड्याला पाय सगुणचेच, दोन. म्हणून माझ्या चित्रांतील समस्त अश्व गुडघाभर धुळीत!
"मास्तर, एकदा तरी धुल्ल उणी कर मरे!" — इति सगुण, दरवर्षी.

१५ फेब्रुवारी
राजभाषा मराठी की कोकणी, यावरून सगुणशी कलह. भर बाजारात. "तुजें मराठी पोथयेंत दवर! घरांत कितें उलयता तूं?" मी घरी काय बोलतो हे ठाऊक असलेले लोक हसले. मी संतप्त प्रत्युत्तर दिले — कोकणीत! लोक पुन्हा हसले.

१६ फेब्रुवारी
सूड संपन्न. चित्रात रणांगणातून पळणारा एकमेव स्वार: मान मागे वळलेली, भुवईवर सगुणचा व्रण. द्वेषाने हात असा स्थिरावला की त्याचा घोडा चारही पायांसह उतरला. धूळ नाही! चित्र सायंकाळी छापखान्यात रवाना.

१७ फेब्रुवारी
परत आणायला गेलो. छपाईचा ब्लॉक तयार झाला होता. आणि शाई ती शाई — पेन्सिल असती तर खोडली असती.

१८ मार्च
घोडेमोडणी झाली. सगुणचा घोडा त्याच्या पुतण्याने, कृष्णनाथने, बांधला. "काका येना म्हणटा." एवढेच. गर्दीतून कोणी ओरडले, "पळपुटो खंय रे?" स्मरणिका घरोघर पोचली आहे तर.

२ एप्रिल
क्षमायाचनेचे भाषण रचले. समासप्रचुर, निर्दोष. सगुणच्या दारापर्यंत नेले. आत तो खोकत होता. भाषण परत आणले.

३ एप्रिल
आज नाही.

३० मे
गोवा घटक राज्य झाले! बाजारात पेढे. या शुभनिमित्ताने उद्या जाणे निश्चित. पेढे घेऊन. भाषणाविना.

३१ मे
सगुण गेला. पहाटे. हृदयविकार — शिमग्याआधीच डॉक्टरांनी नाच बंद केला होता, म्हणे. आणि मी समजत होतो, माझ्यावरचा राग! पेढ्यांचा पुडा तसाच आहे.

१० जून
सगुणच्या पत्नी वत्सलावहिनी मूळ चित्र मागायला आल्या. उद्या बारावा, घरात त्याचा एकही फोटो नाही. म्हणाल्या, "धांवता तो आपूणच, तें ताका कळिल्लें, मास्तर. पूण चित्र सगळ्यांक दाखयतालो — नीट पळयात, फकत माज्याच घोड्याक चार पाय दिल्यात."