मुक्कामाचे ठिकाण

उल्हासनगर – ४
२० ऑक्टोबर १९९१

चि. तुळशी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे ४ सप्टेंबरचे पत्र मला सोमवारी मिळाले. त्यात तू एक सरळ प्रश्न विचारला आहेस आणि त्याचे उत्तर देणे मला भाग आहे, म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिले नसते. माझी आई गेल्याचे कळवल्यानंतर सहा वर्षे मी तुमच्या घरी एक ओळ पाठवलेली नाही, हे तुला ठाऊक आहेच.

वेणू गेल्याचे वाचले. तू तार केली नाहीस ते बरेच झाले. तार आली की घरात कोणाला तरी सांगावे लागते, आणि सांगावे असे आता इथे कोणी उरलेले नाही. तू नोकरी सांभाळून शेवटपर्यंत तिचे सगळे केलेस. नर्सला हे शिकवावे लागत नाही, पण स्वतःच्या आईचे करणे वेगळे असते. आता वेळेवर जेवत जा.

तुझे अक्षर मला वाचता आले. कराचीत जन्मलेल्या मुलीने घरच्या घरी शिकून एवढे मराठी लिहावे, ह्यात वेणूची चिकाटी दिसते. लहानपणी तिला माझी पाटी पुसून द्यायचाही कंटाळा होता.

इकडचे कळवायचे तर, मी १९८७ साली निवृत्त झाले. घर तेच, कॅम्पातल्या बराकीतल्या दोन खोल्या. पाणी दिवसाआड येते. बदलापूरला कुळगावात नवी घरे होत आहेत, तिथे जा असे सगळे सांगतात. मी जात नाही. शेजारी परसरामभाई आहेत. आमची मधली भिंत एकच आहे, त्यांच्याकडे पापड भाजला तर वास आधी माझ्या घरात येतो. ते येत्या ९ नोव्हेंबरला कराचीमार्गे सक्करला बहिणीकडे जाणार आहेत. हे पत्र त्यांच्या हाती देणार आहे. टपाल वाटेत उघडून वाचतात असे म्हणतात. हे पत्र तुझ्याआधी कोणी वाचू नये.

आता तुझा प्रश्न. तू लिहितेस, "मुंबईत कोणत्या भागात उतरू, समुद्राजवळ की तुमच्या जवळ?"

गिरगावात श्यामकांत आहे, माझा मामेभाऊ. चाळ जुनी, जिना अंधारा, पण माणसे चांगली आहेत. चौपाटी चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी वारा येतो. कराचीच्या माणसाला समुद्र दिसला नाही की चुकल्यासारखे होते, तेव्हा गिरगाव बरे. दादर सर्व बाजूंनी सोयीचे, वस्ती मराठी, खाणावळी स्वच्छ. पण गर्दी फार आणि तिथे आपले कोणी नाही. मुलुंड आमच्या बाजूला सर्वांत जवळ. तिथे समुद्र नाही. मुंबईची हद्द मात्र तिथे संपते.

हा परिच्छेद तुला ओळखीचा वाटला तर नवल नाही. वेणूने माझी पत्रे ठेवली असतील तर १९८३ च्या ऑक्टोबरमधले काढून बघ. तिनेही हेच विचारले होते आणि मी जवळजवळ ह्याच शब्दांत उत्तर दिले होते. आज पुन्हा लिहून पाहिले. हात कुठे अडला नाही, ह्याचे वाईट वाटले.

थोडे मागचे सांगते. १९४८ च्या जानेवारीत आम्ही बोटीने कराची सोडली, तेव्हा वेणू केमाडीच्या धक्क्यावर आली नव्हती. तुझे वडील रघुभाऊजी गोदीत नोकरीला होते आणि ते तिथेच राहणार होते. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "महिन्याभरात परत येणाऱ्यांना कोण पोचवायला जातं?" आईने बोटीवर भेटेल त्याला हे वाक्य हसत हसत सांगितले. पुढे पस्तीस वर्षे ती ते वाक्य सांगत राहिली. हसणे कधी थांबले ते लक्षात नाही.

१९८३ च्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. बदलापूर गावातला हाडवैद्य झाला, दवाखाना झाला. ह्या वयात शस्त्रक्रिया नको म्हणाले. ती खाटेवर पडली ती पडलीच. मी हे वेणूला कळवले आणि तिने यायचे ठरवले. तुमच्याकडून येणाऱ्याला इकडे गावांची नावे घालून परवाना मिळतो. जे नाव लिहिले असेल तेवढेच. मुंबई लिहिली तर मुंबई. उल्हासनगर ठाणे जिल्ह्यात, ते वेगळे लिहावे लागते. वेणूचा फॉर्म आणि हमीपत्र ह्यांत काय लिहायचे ते सगळे मी कळवणार होते, कारण घरात शिकलेली मी.

वेणूच्या परवान्यावर फक्त मुंबई आली. डिसेंबरमध्ये ती आली आणि अठ्ठावीस दिवस गिरगावात श्यामकांतकडे राहिली. आई इथे खाटेवर, हलवता येत नव्हती. आईला, श्यामकांतला, सगळ्यांना मी सांगितले की सरकारने उल्हासनगरला परवानगी दिली नाही. जवळच अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे असेल, असेही म्हटले. सगळ्यांना पटले. तुलाही हेच ठाऊक असेल.

त्या चार रविवारी आम्ही दोघी मुलुंडच्या चेकनाक्यावर भेटलो. ती गिरगावहून बस बदलत यायची, मी ठाण्याहून. जकातीसाठी ट्रकांची रांग लागलेली असते, तिथे मुंबईच्या बाजूला एक चहाचे दुकान होते. त्याच्या बाकावर आम्ही बसायचो. मी आईचे निरोप न्यायचे. डोक्याला तेल लावतेस का. तिकडे नारळ मिळतो का. मुलगी काळी की गोरी. वेणू उत्तरे द्यायची आणि मी ती इकडे आणून आईला सांगायचे. पहिल्या रविवारी वेणूने आईसाठी आणलेली अजरक, ती तिकडची छापील चादर, माझ्याकडे दिली. आईने ती उन्हाळ्यातही अंगावरून काढली नाही.

पहिल्याच दिवशी वेणूने विचारले, "इथून घर किती लांब?"

मी म्हटले, "तासभर."

"तासभर," ती म्हणाली. "मी पस्तीस वर्षं चालून आले, भागू."

मी तिला सांगितले, उल्हासनगरचे नाव वाढवून मिळावे म्हणून मी अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे. दुसऱ्या रविवारी सांगितले, अजून आले नाही. तिसऱ्या रविवारी तिने विचारले नाही, नुसती माझ्या पिशवीकडे बघत राहिली. चौथ्या रविवारी तिने चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "ही ठाण्याची बस उभी आहे. मी अशीच चढले तर?"

"पकडलं तर पुन्हा कधी येऊ देणार नाहीत."

"पुन्हा कुणाला यायचंय? मला एकदाच यायचंय."

मी तिला नियम समजावले. मला नियम चांगले समजावता येतात, छत्तीस वर्षे तेच केले. ती ऐकून घेऊन उठली, माझ्या पदराचे टोक दुमडले होते ते सरळ केले आणि गिरगावच्या बसमध्ये बसली. खिडकीतून हात केला नाही. ती आमची शेवटची भेट.

तुळशी, अर्ज मी दिलेला नव्हता.

आणि त्याआधीचेही सांगते. ऑक्टोबरमध्ये मी वेणूचे पत्र घेऊन बसले होते, तेव्हा परसरामभाई दारातून म्हणाले होते, "बाई, खाली मुंबई लिखा तो कल्याणला पण उतरायला नाही भेटणार. उल्हासनगर अलग लिखो. मी पण सिस्टरसाठी तसंच लिहिलंय." त्यांची बहीण सक्करहून येणार होती. त्यांनी दोनदा सांगितले. मला ऐकू आले, समजले, आणि मी मुंबई लिहिले. गिरगावातला वारा, चौपाटी, हे सगळे मी त्यावर रचले.

कारण तुला कळायला हवे. उल्हासनगर लिहिले असते तर हमी श्यामकांतऐवजी माझी, पत्ता माझा आणि चौकशीला पोलीस माझ्या दारी आणि शाळेत. मी अंबरनाथच्या शाळेत होते. आमच्या शाळेत कारखान्यातल्या लोकांची मुले पुष्कळ, समितीवर त्यांचीच माणसे. जानेवारीत मुख्याध्यापिका नेमायची होती आणि माझ्यापुढे कोणी नव्हते. कराचीत सख्खी बहीण आहे हे मी शाळेत कधीच सांगितले नव्हते. माझा जन्म तिकडचा हेही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. सिंधी येते ते शेजारामुळे असे समजत. मला वाटले, नेमणूक होऊ दे, मग उन्हाळ्यात वेणूला पुन्हा बोलावू, उजळ माथ्याने. आई उन्हाळ्यापर्यंत राहील असा माझा हिशेब होता. राहिलीही. पण वेणू पुन्हा येणार नाही, हे माझ्या हिशेबात नव्हते. त्या एप्रिलमध्ये मी बोलावले, तेव्हा तिने लिहिले, "आता माझ्याने नाक्यापर्यंत येववणार नाही."

नेमणूक मला मिळाली. तीन वर्षे मी त्या खुर्चीवर बसले. काम चांगले केले, कोणीही सांगेल.

मार्च ८४ मध्ये परसरामभाईंची बहीण आली. भिंतीपलीकडे महिनाभर राहिली. तिचा आवाज मोठा होता, हसली की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. ती रोज दुपारी येऊन आईचे केस विंचरायची. एकदा ती गेल्यावर आई म्हणाली, "ही कशी गं इथपर्यंत आली?"

मी म्हटले, "तिचा फॉर्म वेगळा होता."

आईने अजरक गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "तिचा परसरामनं भरला. वेणूचा कोणी भरला होता?"

मी तिच्या औषधाची बाटली शोधू लागले. तिने पुन्हा विचारले नाही. त्यानंतर अकरा महिने ती होती. औषध घे म्हटले की घ्यायची, कूस बदलते म्हटले की बदलू द्यायची. वेणूचे नाव तिने माझ्यासमोर पुन्हा काढले नाही. केमाडीचे ते वाक्यही नाही.

परसरामभाईंना सगळे ठाऊक आहे. आईला खांदा त्यांनी दिला. आठ वर्षांत त्यांनी एका शब्दाने विचारले नाही, आणि माझी भाजी आणतात.

तू लिहितेस की वेणू शेवटच्या दिवसांत म्हणाली, "आजीचं घर बघून ये. कुठं उतरायचं ते मावशीला विचार, ती बरोबर सांगेल." हे ती कोणत्या सुरात म्हणाली, मला सांगू नकोस. मी विचारले तरी सांगू नकोस.

तर उत्तर. फॉर्मात मुक्कामाच्या ठिकाणी पहिले नाव उल्हासनगर लिही. दुसरे अंबरनाथ, तिसरे मुंबई. तिन्ही वेगवेगळी लिही. पत्ता माझा. आईची खाट खिडकीपाशी आहे तशीच आहे, तिथे तू झोपशील. मुंबईचा समुद्र एक दिवस जाऊन बघून येऊ. त्याच्याजवळ राहायची गरज नाही.

मी गेल्या बुधवारी पोलीस ठाण्यात गेले होते. तिथला हवालदार माझ्या एका विद्यार्थिनीचा बाप निघाला. म्हणाला, "बाई, सख्खी बहीण तिकडं? कधी बोलला नाहीत." मी म्हटले, "नाही बोलले." त्याने लिहून घेतले, शिक्का मारला, चहा मागवला. चहा धरून सगळे वीस मिनिटांत झाले. घरी येताना मी घड्याळ बघितले म्हणून सांगते.

हे सगळे वाचून तुला माझ्याकडे उतरावेसे वाटणार नाही, हेही शक्य आहे. तसे असेल तर गिरगाव लिही. श्यामकांतला मी सांगून ठेवले आहे. मग मी चेकनाक्यावर येईन. कोणत्या रविवारी, तेवढे कळव.

थंडी सुरू होईल, येताना गरम कपडे आण. नारळ आणू नकोस, इथे मिळतो.

मावशी म्हणायचे की नाही ते तू ठरव.
तुझ्या आईची धाकटी बहीण,
भागीरथी

ता. क. – ८ नोव्हेंबर रोजी परसरामभाईंच्या हाती पुढील वस्तू दिल्या. त्यांनी एकेक पाहून घेतली व माझ्या वहीत सही केली.

हमीपत्र, पोलिसांच्या शिक्क्यासह, दोन प्रती.

माझ्या राहत्या पत्त्याचा दाखला, एक.

अजरक, वेणूने आणलेली, धुतलेली, एका कडेला विरलेली.

वेणूला १९८३ साली लिहिलेल्या पत्राची कच्ची प्रत, एक पान. मी प्रत्येक पत्राची कच्ची प्रत करते. ह्या पानावर पहिल्या ओळीत "उल्हासनगर, आपल्या घरी" असे लिहून खोडलेले आहे. उजेडात धरल्यास वाचता येते.