कोड ५८ चा अर्थ

३ मार्च, निरवांगी
आज रुजू झाले. पंपघर नदीकाठी आहे. नदीचं पाणी एका खोल विहिरीत येतं, तिथून पंप ते उसाला उपसतो. पंप कॉम्प्युटरवर चालतो. बिघडला की पडद्यावर आकडा येतो, त्याचा अर्थ पुस्तिकेत पाहायचा. आकडे १ ते ४६. खोली हवेशीर आहे, खिडकीतून बगळे दिसतात. चौथीपर्यंत आत्यानं मला सांगवीला घरीच शिकवलं. अडलेल्या शब्दाचा अर्थ पाहिल्याशिवाय ती पान उलटू द्यायची नाही. पुस्तिका पाहून तिची आठवण आली.

६ मार्च
१२: व्होल्टेज कमी. ३१: जाळीत कचरा. अर्थ वहीत उतरवून मगच मी रीसेट दाबून पंप पुन्हा सुरू करते. जुने पंपमन दत्तोबाकाका हसतात. वीज आठच तास असते आणि पाण्याच्या पाळ्या तासांवर ठरलेल्या. पंप थांबला की ज्याची पाळी त्याचं पाणी बुडतं. म्हणून इथं आकडा कोणीच वाचत नाही, थेट रीसेट दाबतात. "तू वाचस्तवर ऊस वाळंल, पोरी," काका म्हणाले.

९ मार्च
११.२० ला ५८ आला. पुस्तिकेत नाही. कंपनीला फोन केला. ४६ च्या पुढचे आकडे जागेवरच्या माणसानं भरलेले असणार, अर्थ सेटिंगमध्ये दिसेल, असं तिथल्या माणसानं सांगितलं. तेवढ्यात इंद्रजित नावाचा ऊसवाला दारात आला. पाळी त्याची होती. मी अर्थ न पाहताच रीसेट दाबलं. पहिल्यांदाच.

१० मार्च
सेटिंग उघडलं.
५८: मी आत आहे. पंप लावू नका. भरणारा: गोकुळ.
गोकुळ माझ्या आधीचा ऑपरेटर. नोंदीची तारीख कालची, वेळ ११.१९.
काकांना विचारलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, जानेवारीत गोकुळ जाळी साफ करायला विहिरीत उतरला होता. आकडा आला, काकांनी न वाचता रीसेट दाबलं. तो वर आलाच नाही. गावाला सांगितलं, पुण्याला नोकरी लागली.
मी जेवले. भांडी घासली. काहीच वाटलं नाही.

११ मार्च
पुन्हा ५८. पंप बंद ठेवला. पाणी संस्थेचे चेअरमन मोहनराव, त्यांचा फोन आला: उद्या दुपारपर्यंत पाणी सुरू करा, नाहीतर सामान बांधा.
काका उद्या विहिरीत उतरणार. म्हणाले, "त्याला वर काढल्याबगार ह्यो आकडा जायाचा न्हाय."

१२ मार्च
११.०५. काका उतरले. कमरेला दोर.
११.१२. हाक मारली. ओ आली.
११.१९. ओ नाही. दोर सैल.
११.२०. पडद्यावर ५९. हा काल सेटिंगमध्ये नव्हता. अर्थ उघडला —
५९: दत्तोबा अजून जिता आहे. पंप लावू नका. भरणारा: गोकुळ.
इंद्रजित आलाय. सांगितलं, खाली काका आहेत. त्यानं डोकावून पाहिलं. न्हाय कुणी, म्हणाला. दोर तर रोजच लोंबतो, म्हातारा चहाला गेला आसंल.
पडदा दाखवला. तो वाचत नाही —
डाव्या हातानं रीसेट झाकून ठेवलंय. उजव्यानं लिहितेय, म्हणजे नोंद —
"मॅडम, पाळी चाललीय माझी. हात काढा."
खालून ओ आली. काकांचीच. अगदी बारीक. इंद्रजितला ऐकू —
माझं डावं मनगट धरलंय त्यानं. रीसेटवरचं एक बोट सुट