मुम्मूच्या नावाचे गोळे

१० जानेवारी, मंगळवार

आजही तेच केलं. रिकामं पाकीट गॅरेजमधल्या डब्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली दाबलं. चोरी केल्यासारखं. केल्यासारखं काय — चोरीच!

वार वाटून घ्यायची कल्पना माझीच. सप्टेंबरात शेजारच्या ब्रिजिटच्या ओट्याशी उभी राहून मोठ्या तोंडाने म्हणाले होते, "दिवसभर राबून आल्यावर रोज रोज कोण रांधणार? तीन घरं आहोत. मंगळवार माझा, बुधवार तुझा, गुरुवार ओल्गाकाकूंचा. ज्याचा वार त्याने तिन्ही घरचं करायचं." आणि वर फुशारकी — "मी मुम्मूचे खिम्याचे गोळे करते, बघाच!"

मुम्मू म्हणजे माझ्या वडिलांची आई. फिनलंडहून इथे सडबरीत आलेली. तिचे गोळे मी आयुष्यभर खाल्ले, पण करताना एकदाही तिच्याजवळ उभी राहिले नाही. पहिल्या मंगळवारी करायला गेले तर सगळे सॉसमध्ये फुटले. नुसता लगदा! साडेचार वाजलेले, दवाखान्यातल्या कामावरून येऊन अंगावरचा कोटही काढला नव्हता. गाडी काढली, दुकानातून गोठवलेल्या गोळ्यांचं पाकीट आणलं. सॉस मात्र माझा.

तासाभरात ब्रिजिटचा फोन. "लोरेन, अगं काय हात आहे तुझा! मेलिनाने ताट चाटलं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. हसून सोडून दिलं असतं तिने. मी म्हणाले, "मुम्मूची कृपा."

नवऱ्याला, डेलला, माहीत आहे. खाणीतून आला की ताटात बघतो आणि म्हणतो, "मुम्मू आज पण कारखान्यातून आली वाटतं!" पूर्वी हसू यायचं.

२२ जानेवारी, रविवार

ब्रिजिटने कृती मागितली. टाळता येईना. ती पेन घेऊनच बसली. मग मीच कार्ड ओढून घेतलं आणि लिहिली. दुधात भिजवलेला पाव, परतलेला कांदा, अंडं, मिरपूड. हात थांबतच नव्हता. "मुम्मू चिमूटभर जायफळ घालायची," असंही लिहिलं. मुम्मूच्या घरात जायफळ होतं की नाही, देव जाणे!

ब्रिजिटने कार्ड दोनदा वाचलं. तीळ शोधत होती. तिच्या मेलिनाला तीळ चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे एक दाणा गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. दहा वर्षांची पोर दप्तरात औषधाच्या सुईचं पेन घेऊन फिरते.

मी म्हणाले, "मुम्मूच्या गावात तीळ कुठले गं!"

"तुझी मला काळजीच नाही," ती म्हणाली. "तुझं सगळं घरचं असतं."

३१ जानेवारी, मंगळवार

ब्रिजिटने कार्ड बघून गोळे केले. दोनदा. "तुझ्यासारखे होतच नाहीत. काय चुकतंय माझं?" मी म्हणाले, "सरावाने येतं."

सरावाने येतं!!

७ फेब्रुवारी, मंगळवार

मेलिना इस्पितळात.

सहाला गोळे दिले. सात वाजायच्या आत ब्रिजिटच्या दारात रुग्णवाहिका. मी खिडकीतूनच पाहिलं. पोरीचा चेहरा ओळखू येत नव्हता, एवढा सुजलेला. ब्रिजिटच्या पायात एकच बूट, बर्फात.

वीस मिनिटांनी फोन. "लोरेन, डॉक्टर विचारतायत. काय काय होतं गोळ्यांत? सगळं सांग." मागे कुणीतरी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत भराभर बोलत होतं. आणि मी — मी कार्ड म्हणून दाखवलं. पाव, दूध, कांदा, अंडं, मिरपूड, जायफळ. पाठ केलेली प्रार्थना म्हणावी तसं.

"तीळ नाहीतच ना?"

"नाहीत."

फोन ठेवून गॅरेजमध्ये गेले. नेहमीचं पाकीट आज दुकानात नव्हतं. शेजारचं उचललं होतं. घाईत. वर्तमानपत्रं उपसून काढलं. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत: पावाचा चुरा, कंसात गहू, मीठ, तीळ.

तिथेच थंड फरशीवर बसले.

नऊला ब्रिजिटचा निरोप. श्वास नीट चालू आहे. रात्रभर ठेवणार आहेत.

हे सगळं लिहिलंय खरं, पण तिला कळवलेलं नाही.

८ फेब्रुवारी

मेलिना घरी आली. पळत जाऊन बघून आले. घसा बसलाय, पण हसली. ब्रिजिट माझ्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात!

डेल म्हणतो, "पोर बरी आहे ना? झालं तर. आता उकरून काढून कुणाचं भलं होणार?" मला त्याचा राग आला. आणि आतून बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

९ फेब्रुवारी, गुरुवार

नवीनच झालं. ब्रिजिटने शोध लावला — ओल्गाकाकूंचा पाव!

काकू दर मंगळवारी माझ्या गोळ्यांबरोबर म्हणून दोन्ही घरी वेणीसारखा गुंफलेला पाव पाठवतात. वर खसखस. ब्रिजिटने त्यांना आधीच बजावलं होतं की खसखस बंद पाकिटातली घ्या, दुकानातल्या पिंपातली सुटी नको. तिथे एकच डाव सगळ्यांत फिरतो, तिळाचे दाणे मिसळतात.

आज ती मला बरोबर घेऊन काकूंकडे गेली. गेले मी!

"काकू, खसखस कुठून आणलीत?"

"पाकीट आणलं गं. तू सांगितलंस तसं."

"कुठाय पाकीट?"

"बरणीत ओतून टाकून दिलं." काकूंनी बरणी पुढे केली. अठ्ठ्याहत्तर वय. "पाकीटच होतं... निळं. की ते मागच्या वेळचं?"

"नीट आठवा."

काकू आठवत राहिल्या. मी त्यांच्या ओट्यावरच्या फुलाफुलांच्या कापडाकडे बघत होते. शेवटी काकू म्हणाल्या, "सुटी घेतली असेल. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही, पोरी."

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. बाहेर आलं ते एवढंच, "जाऊ दे ना ब्रिजिट."

उदार मनाची मी!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

काकूंकडून जेवण आलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवाच लागला नव्हता. डेलने अंडी तळली.

२१ फेब्रुवारी

माझा वार. साधं भाजलेलं कोंबडीचं मांस आणि बटाटे, माझ्या हातचे. कोंबडी थोडी करपली. ब्रिजिट म्हणाली, "आज मुम्मू नाही?" मी म्हणाले, "कंटाळा आला मुम्मूचा."

काकूंनी डबा घेतला नाही. दारातूनच म्हणाल्या, "मी परतफेड करू शकत नाही, मग घेऊ कशी?"

२ मार्च, गुरुवार

काकू पोस्टाशी भेटल्या. खिशातून लहानशी वही काढून दाखवली. त्यात सगळं लिहून ठेवतात आता — सोमवारी दूध आणलं, गॅस बंद केला, दार लावलं. "डॉक्टरने डोकं तपासायला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं," म्हणाल्या. "काटे बरोबर काढले मी. तरी पेट्रो म्हणतो, आई, आज खसखस विसरलीस, उद्या गॅस विसरशील. हॅमिल्टनला चल." पेट्रो त्यांचा मुलगा. पाच तासांवर राहतो.

"मग जाणार?"

"सडबरी सोडून? ओलेक्सा इथे पुरलाय गं माझा." ओलेक्सा त्यांचा नवरा.

घरी आले. ब्रिजिटचा नंबर काढला, फोन ठेवून दिला. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. दवाखान्यात दिवसभर सुई टोचताना परक्या लोकांना म्हणत असते, "घाबरू नका, लगेच होईल."

९ मार्च, गुरुवार

आज काकू स्वतः आल्या. हातात कापडात गुंडाळलेली जाड वही. त्यांच्या सासूची, मग त्यांची. पानांना तेलाचे डाग, अक्षरं युक्रेनी. एकही ओळ मला वाचता येत नाही.

"तू लिहून घे. मी वाचते, तू इंग्रजीत उतरव," म्हणाल्या. "मी आता रांधणार नाही. मुलीगिली नाहीत मला. सुनेला वेळ नाही."

"मला का देताय काकू? ब्रिजिट माझ्यापेक्षा—"

"ब्रिजिट चांगली आहे. पण तुझा हात खात्रीचा. तुझ्या हातचं खाऊन कुणाला काही झालं नाही."

बिटाचं सूप, कोबीत गुंडाळलेला भात, तो वेणीचा पाव. दोन तास त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. पावाशी आल्यावर म्हणाल्या, "वर खसखस," आणि थांबल्या. "ते नको लिहूस."

मी लिहिलं नाही.

त्या गेल्यावर बेसिनमध्ये ओकले.

११ मार्च, शनिवार

सांगितलं. आधी ब्रिजिटला.

ती वाटाणे निवडत होती. मी पाकीट टेबलावर ठेवलं, ओळीवर बोट ठेवलं. सगळं बोलले — सप्टेंबरपासून. मधे थांबले नाही, थांबले असते तर पळाले असते.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी तिच्या मांडीत सुई खुपसली, लोरेन. लुकने, तिच्या बापाने, तिचे हात धरले होते. आणि तू मला फोनवर जायफळ सांगत होतीस."

"मला लाज—"

"पाकिटातले गोळे मी पण आणते अगं! सगळं गाव आणतं! सांगितलं असतंस तर मी मागची बाजू वाचली असती. एवढंच झालं असतं. एवढंच!"

मग उठली. फडताळातून ते कार्ड काढलं. तिच्या सॉसचे डाग पडले होते त्यावर. "पाच वेळा केले मी. लुक म्हणायचा, तुला लोरेनसारखं जमायचं नाही. घे तुझी मुम्मू."

दारापर्यंत आली नाही. पाठमोरीच म्हणाली, "काकूंना तू सांगायचंस. मी माझं माफीचं वेगळं बघते. मीही म्हातारीला कोंडीत धरलं."

१२ मार्च, रविवार

सकाळी काकूंकडे. चर्चमधून नुकत्या आल्या होत्या, डोक्याला रुमाल तसाच.

सांगून झालं. काकूंनी कान पुढे केला. "परत सांग."

परत सांगितलं.

"तुझ्या पाकिटात तीळ होते."

"हो."

"माझी खसखस?"

"तुमची खसखस चांगली होती, काकू. तुम्ही पाकीटच आणलं होतं. तुमचा काही दोष नव्हता."

त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता शाप देतील. द्यावाच, असंही वाटलं. आणि त्यांनी टेबलावर थाड्कन हात मारला. "निळं पाकीट! निळंच होतं! म्हटलं होतं ना मी!" हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना रुमाल. "माझं डोकं शाबूत आहे तर! ऐकलंस का ओलेक्सा? शाबूत आहे!" भिंतीवरच्या फोटोला सांगत होत्या.

मी रडत होते. त्यांनी मला हलवलं. "बस झालं. चूक केलीस, मोठी केलीस. पोरगी मेली असती. ते तुझं तू आयुष्यभर सांभाळ, माझ्याकडे उतरवायला आणू नकोस." मग, "आणि खरं सांगू? ते गोळे मला कधी आवडलेच नाहीत. रबर नुसतं."

"मग दर वेळी छान म्हणायचात—"

"शेजारणीला काय सांगणार?"

सूप गरम केलं. वाढलं. मी नको म्हणाले तर डाव उगारला. समोर बसून मला शेवटच्या चमच्यापर्यंत खायला लावलं. वही परत नेली होती मी, ती पुन्हा माझ्या पिशवीत घातली. "आता पावावर खसखस लिही," म्हणाल्या.

इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि तरी महिन्यात पहिल्यांदा पोटात अन्न राहिलं.

२० मार्च, सोमवार

काकूंच्या अंगणात पाटी लागली आहे. घर विकलं.

पेट्रो आला होता, खोकी गाडीत भरत होता. म्हणाला, "कागदांवर सही आठ तारखेलाच झाली. आईने सांगितलं नाही तुम्हाला?"

मी विचारलं, व्यवहार मोडता येणार नाही का?

"आईनेही हेच विचारलं. तेरा तारखेला सकाळी फोन करून. वकील नाही म्हणाला."