अलिझा तिसरीत आहे

शारजा, ऑक्टोबर १९९७

प्रिय आपा,

सलाम. तुम्ही सगळे बरे असाल. मी बरा नाही. ताप नाही की पोट बिघडलेलं नाही, पण कालपासून तोंडाला अशी चव आहे, जसं कुणी भांडी पुसायचं फडकं चघळायला दिलंय. दोनदा चूळ भरली, एकदा लिंबू चोखलं, जात नाही. उर्दू तुला वाचता येतं पण मला लिहिता येत नाही, म्हणून मराठीतच लिहितोय. चौथीपर्यंतचं मराठी आहे, चुका पदरात घे. दुलाभाईंना वाचून दाखव. शेजारच्या रंगुबाईंना मात्र नको, त्यांच्या पोटात काही राहत नाही, मायेपोटी साऱ्या भिंगारला सांगून येतील.

मी आता लाँड्रीत आहे. माशांच्या बाजारातलं काम सोडलं, फ्रीजच्या गाडीवरचं सोडलं, तुला ते कळलंच असेल. एका जागी बूड टिकत नाही तुझ्या भावाचं. लाँड्रीत गरम वाफ आणि लोकांच्या घामाचा वास, दिवसभर. जेवताना हात नाकाजवळ नेववत नाही. पण काल जे बघितलं त्यापुढं हा वास अत्तर म्हणायचा.

तुमच्या शाळेचे मालक, शमशेर सेठ, चंदा गोळा करायला इथे आलेत. आपल्या नगर जिल्ह्याच्या लोकांना गोळा केलं, शुक्रवारची नमाज झाल्यावर, एका हॉटेलच्या माडीवर. सगळे होते, भिंगारचे, जामखेडचे, ते कोल्हारचे म्हातारे इनामदार इंजिनिअरही. मी बिर्याणीसाठी गेलो होतो, खोटं कशाला बोलू. आधी कुराणाची तिलावत झाली, मग सेठनी शाळेवर भाषण दिलं. एका छपराखाली दीन आणि दुनिया, सकाळी कुराण, मग विलायतेच्या धर्तीवर इंग्रजी आणि सायन्स, आणि वजूचं, नमाजआधी हातपाय धुतलेलं, पाणी वाया न घालवता झाडांना, कारण झाड लावणं हाही सवाब आहे, पुण्य आहे. हे सगळं बोलताना ते मधेमधे डोळे पुसत होते. रुमाल कोरडाच होता, मी पुढेच बसलो होतो.

आपा, राग याचा येतो की बोलणं खरं आहे. मला असंच पाहिजे होतं. तुला आठवतं ना, हाफिजजींचा मदरसा सुटायचा साडेसातला आणि शाळा भरायची सातला. मदरशातून लवकर उठलो की हाफिजजींची छडी, शाळेत उशिरा पोचलो की गुरुजींची. दोन्हीकडे माझा तळहात एकच होता. अम्मी म्हणायची, दोन्हीपैकी एक धर. मी दोन्ही सोडलं. एका छपराखाली असतं तर मी आज दुसऱ्यांच्या चड्ड्या इस्त्री करत बसलो नसतो. तुझ्या अलिझाचंही तेच झालं. यंदा तू तिला सरकारी शाळेतून काढलंस, मदरशाची वेळ जमेना म्हणून, आणि ज्या शाळेत तू झाडू मारतेस तिथे तिला घेत नाहीत. तूच लिहिलं होतंस, सेठ म्हणाले, कामवालीची मुलगी बाकावर बसली तर मोठ्या घरच्या आया नाराज होतील, शाळेचा दर्जा जाईल. आणि ती पोरगी काय करते, तर वजूच्या हौदातलं पाणी डब्यानं नेऊन त्यांच्या कडुलिंबांना घालते. झाडाझाडावर दर्जेदार मुलांच्या नावाच्या पाट्या. पाणी आपल्या अलिझाचं.

भाषण झाल्यावर त्यांनी व्हिडिओ कॅसेट लावली. आणि त्यात आपली अलिझा.

तू मला कळवलं नाहीस. शरमेनं असेल, मी विचारत नाही. ती शाळेच्या गणवेशात, डोक्यावर पांढरी ओढणी, हातात रोप. आधी कुराणातली आयत म्हटली, मग पाण्याची बचत यावर इंग्रजीत भाषण, न थांबता. माडीवरची माणसं रडली, आपा. आणि शेवटी ती रोप लावायला वळली तर पाठीवर गणवेश सेफ्टी पिनांनी चिमटलेला. दुसऱ्या कुणाचा तरी. नंतर सेठच्या माणसानं मला हसत हसत सांगितलं, जिला बोलायचं होतं तिला ऐनवेळी गोवर निघाला, व्हिडिओवाला तर खोळंबलेला, आणि ही झाडांना पाणी घालता घालता सगळं ऐकून पाठ करून बसलेली. घातला गणवेश, घेतलं शूटिंग, काढला गणवेश. तो हे कौतुकानं सांगत होता. त्याच्या दातात बडीशेप अडकली होती ती मला अजून दिसते.

इनामदारांनी चष्मा पुसत विचारलं, ही मुलगी कोणाची. सेठ म्हणाले, "यतीम है बेचारी. बाप नहीं. हमने उठाया."

तिचा बाप, आपले दुलाभाई, टेम्पो घेऊन जामखेडला गेले असतील तेव्हा, आणि इथे त्यांना मारून टाकलं. अल्लाचं नाव घेऊन सुरू केलेल्या बैठकीत, चंद्यासाठी.

मी उठलो. का उठलो ते ठरवलं नव्हतं. टीव्हीच फोडावा असं वाटत होतं. मी म्हणालो, मी या मुलीचा मामू आहे. सेठचा चेहरा असा झाला जसा इस्त्रीखाली नायलॉनचा होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एकच आलं, की मी आता खरं बोललो तर सेठची इज्जत जाईल, तुझं काम जाईल, आणि अलिझा डबाच उचलत राहील, तोही दुसरीकडे कुठे. म्हणून मी हात जोडले. म्हणालो, "बाप जिंदा है, टेम्पो चलाता है. सेठजी को मालूम नहीं होगा. वो गरीब का नाम-गाव नहीं पूछते, सीधा दाखिला देते हैं."

टाळ्या पडल्या. लई पडल्या. इनामदार सेठकडे वळले आणि कितवीत आहे म्हणून विचारलं. सेठनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हमारीच बच्ची है. तिसरी में है." इनामदार म्हणाले, डिसेंबरात मी कोल्हारला येतोय, शाळेत येऊन हिच्या वर्गात बसून हिचं ऐकणार. सेठ म्हणाले, जरूर. बिर्याणी आली. मी खाल्ली, आणि बाहेर जाऊन ओकलो.

सेठनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तू बोलतोस चांगलं, पुढच्या शुक्रवारी अजमानला चल, तिथे पण बोल. मी हो म्हणालो. जाईन, आणि पुन्हा सांगेन की असा दिलदार माणूस नगर जिल्ह्यात झाला नाही. पुढे ते म्हणतील तिथे तिथे जाईन. माझी जीभ विटाळली तर विटाळली, ती तशीही कुठल्या कामाची होती.

हे पत्र गोरक्षच्या हातानं पाठवतोय, तो दिवाळीला घरी येतोय. सेठ महिनाभर इकडेच आहेत, ते परत यायच्या आत काम झालं पाहिजे, म्हणून एवढं लिहिलं. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी झाडू घरी ठेव. अलिझाला न्हाऊ-माखू घाल, दुलाभाईंना सोबत घे, बाप जिवंत आहे ते सगळ्यांना दिसू दे, आणि तिला तिसरीच्या वर्गात ने. हेडमास्तर अडवतील. त्यांना सांग, शारजाला इतक्या लोकांसमोर सेठच्या तोंडून निघालंय, अलिझा तिसरीत आहे, पटत नसेल तर त्यांना फोन लावा. ते नाही म्हणू शकत नाहीत, चंद्याच्या बैठका अजून व्हायच्यात आणि डिसेंबरात इनामदार येणार आहेत. हेडमास्तर गोड बोलून तुला ऑफिसात बसवतील, चहा देतील, उद्या बघू म्हणतील. चहा घेऊ नकोस. दारातूनही परत फिरू नकोस, आपा, तुला त्या दारात थांबायची सवय आहे म्हणून सांगतो. आत जा, पुढच्या बाकावर तिला बसव, आणि मगच बाहेर ये.

तुझाच,
तौसीफ