तिसरी हाक

शुक्रवार, १२ डिसेंबर १९५८. महाड

मुरारी कापडवाला अखेर नादार, दिवाळखोर ठरला! व्यापाऱ्यांचा अर्ज आमच्या वकीलसाहेबांनी चालवला, आणि पोलादपूरची पायपीट त्यांच्या कारकुनाच्या, म्हणजे माझ्या माथी. सोबत कोर्टाचा बेलीफ चांगू.

पोहोचेतो दिवेलागण. मुरारी मुंबईला पसार. दुकानामागेच त्याचं घर. शेजारी म्हणाले, म्हातारी आई उमरठला लेकीकडे गेली. तरी मी दारातून दोनदा हाक मारली— “प्रयागबाई!” उत्तर नाही. आत जाऊन बघायची रीत आहे. पण शेवटची एस.टी. सुटायला आलेली. “आतलं सोमवारी बघू,” चांगू म्हणाला. पुढच्या-मागच्या दारांना कुलूप, लाख, कोर्टाचं सील. संपलं काम.

शनिवार, १३ डिसेंबर

संपलं कुठलं! मागच्या पडवीत दांडीवर लुगडं होतं. लाख वितळवायला मेणबत्ती धरताना माझ्या गालाला लागलं. ओलं! म्हातारी उमरठला, तर ते धुतलं कुणी?

वकीलसाहेब म्हणाले, “शेजारणीचं असेल हो. सीलला हात लावाल तर खडी फोडायला जाल.” खरंच आहे. पण दिवसभर गाल गार लागतोय. कुणी नुसतं खाकरलं तरी दचकतो.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळ

शकूला सगळं सांगून टाकलं. बायको माझी पोलादपूरजवळच्या कापडे गावची. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

“दोनच हाका मारल्यात? तिन्हीसांजेला?”

“मग?”

“अवो, आमच्याकडं तिन्हीसांजेला दोन हाकांना कोन ओ देत नाय. तिसरी आली तरच माणूस. भूत तिसरी हाक मारीत नाय!”

म्हणजे म्हातारी आत तिसऱ्या हाकेची वाट बघत बसली— आणि मी दारं बंद केली! देवा, जिवंत असू दे. जातो पोलादपूरला. नोकरी गेली खड्ड्यात.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आहे! जिवंत आहे!

दाराशी गेलो. हाक मारली. पुन्हा मारली. सामसूम. तिसऱ्यांदा ओरडलो तो रडकुंडीला येऊनच.

“ओऽ... कोन हाय रं?”

सील तोडलं, दगडानं कुलूप फोडलं. प्रयागबाई उंबऱ्याशीच, कोरडी कळशी कवटाळून. पाणी पाजलं.

“ओरडला का नाहीत हो?”

“सरकारनं दार लावलंन. आवाज केला तं माज्या मुरारीला धरतील ना, बाबा!”

सोमवार, २२ डिसेंबर

सील तोडल्याबद्दल आज कोर्टात मीच आरोपी. वकीलसाहेबांनी ओळखसुद्धा दाखवली नाही. शिपायानं माझ्या नावाचा पुकारा केला. पुन्हा पुकारा. मी उठायला लागलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रयागबाई—

“थांब रे बाळा. तिसरी होऊ दे.”