अण्णांची गाणी आणि किरकोळ विषय

उरण, ३ मार्च १९८७

चि. धर्मराज यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुमच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आला, नाव दाबलं की कागद कुठल्या कपाटात ते सांगतो, हे आईला समजावताना माझी पुरेवाट झाली. ती म्हणते, मग ह्यांचं नाव दाब म्हणावं धर्माला. अण्णा गेल्यावर त्यांच्या जलशातल्या गाण्यांची ट्रंक तूच वाशीला नेलीस. घरी वाळवी खाईल, तिथे लोक वाचतील म्हणालास. यंदा चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरी ती गाणी म्हणणार आहेत. त्याआधी, याच महिन्याच्या पंधरा तारखेला आईला घेऊन येते, उतरवून घेऊ. सुकट आणते. साहेबाला वास चालेल ना?

लोभ आहेच, तुझाही आटू देऊ नकोस.
तुझी चंद्राताई

वाशी, ८ मार्च

ती. चंद्राताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

येऊ नका. रजा नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवेना. गाणी गेली, ताई.

कॉम्प्युटरमध्ये भरण्याआधी प्रत्येक कागदाला विषयाचा क्रमांक द्यायचा होता. ते काम माझं. यादीत ‘जलसे’ हा विषयच नव्हता. नवा उघडा म्हटलं असतं, तर अण्णांचं नाव वाचून साहेबांनी विचारलं असतं, हे गंगाराम कोण. सगळ्यांसमोर आपली वस्ती, अण्णांचा डफ काढायची मला लाज वाटली. मी ‘किरकोळ’ लिहिलं. किरकोळ पुढे रद्दीत जातं, हे ठाऊक होतं. ट्रंक उद्या घरी नेऊ, परवा नेऊ करत राहिलो, तेवढ्यात रद्दीची गाडी येऊन गेली. मागोमाग धावलो, पण कागद गिरणीत जाऊन त्याचा लगदा झाला होता.

आईला मी कोणत्या तोंडाने सांगू?

माया ठेव, मागायचा हक्क उरला नसला तरी.
तुझा धर्मराज

उरण, १७ मार्च

चि. धर्मराज यास,
जयभीम. वि. वि.

आईला मीच सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही. चूक झाली त्याची, असं मी म्हटलं, तर म्हणाली, चूक नाही, लाज वाटली त्याला.

परवापासून भाकऱ्या थापताना ती गाणी म्हणते, पोरी उतरवून घेतात. बरीच आठवत नाहीत, ती गेलीच. काल तळ्याच्या गाण्यात एका कडव्याशी अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडली. मग परातीतला हात थांबवून म्हणाली, इथे धर्मा ह्यांच्या मागून झील धरायचा, त्याला येत असेल.

राग गेलाय असं समजू नकोस. तरी ये.

वाट पाहणारी,
चंद्राताई