आधीपासून असलेली खोली

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा तसाच आहे. वाचन बसल्या जागी होते, एवढे समाधान. परंतु आपल्या आप्पांच्या निरूपणांच्या ध्वनिफितींसाठी तुझ्या लेकीने सर्व्हरवर जागा घेतल्यापासून माझ्या चित्ताला स्वस्थता नाही. षड्रिपूंपैकी पाच वयोमानाने थकले. सहावा, मत्सर, अजून काठीवाचून चालतो.

आप्पा निरूपणाला बसले की पोथी तुझ्या हाती असे आणि पाण्याचे भांडे माझ्या. तुझा कंठ गोड, माझे पाठांतर पक्के. पण पाठांतराला कोण मान डोलावतो? आणि परवा फोनवर तू सहज म्हणालीस, “ताई, तुझ्याकडच्या फिती नुसत्या पाठव, मांडणी मी बघते.” ते बोलणे मला रुचले नाही. आप्पांच्या वाणीच्या घरातही आता मी पाहुणीच ठरणार, अशी धास्ती बसली.

म्हणून तुझ्या नकळत तुझ्या लेकीला गाठले. ती म्हणाली, “मावशी, इथं बटणं नाहीत. सगळं पत्ता लिहून चालतं. एक अक्षर चुकलं की संपलं.” पदपाठ घोकलेल्या बाईला अक्षराचे भय घालते, गुणाची पोर! आरंभी ‘पुट’, म्हणजे ‘ठेव’, मग सर्व्हरचा संपूर्ण पत्ता, अखेरीस फोल्डर, म्हणजे फितींची खोली, बांधण्याची आज्ञा. मधली खोली नसली तर तीही आपोआप उभी राहते. मी लिहिले: आप्पा, त्यांच्या आत ‘थोरली’, तिच्या आत ‘निरूपणे’. तत्क्षणी उत्तर आले, ‘ट्रू’, म्हणजे ‘खरे, झाले’. तुझ्या आधी माझे नाव लागले, या आनंदात मी त्या दिवशी जपाची माळही दोनदा चुकले.

मग आत काय आहे ते दाखवण्याची आज्ञा दिली. खोली रिकामी नव्हती. पोथीचे पान हरवले होते त्या दिवसाची फीत तिथे होती. लावून ऐकली, तर आप्पा म्हणतात, “थोरलीला विचारा, तिचं पाठ आहे,” आणि मागोमाग माझा कोवळा आवाज, कुठेही न अडखळता. ती फीत कुणी जपली असेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तुझ्या लेकीला विचारले, तर ती हसली. “अगं मावशी, खोली असली तरी ते ‘ट्रू’च म्हणतं. आईनं ती केव्हाच केलीय. ‘ताईचं आधी,’ म्हणाली.”

कंठ तुझा गोड होताच. आता मनाचा मोठेपणाही तूच न्यावास, हे मला सोसवत नाही. तुझ्या नावाची खोली शोधली. सगळे धुंडाळले, कुठेही नव्हती. तेव्हा आज सकाळी स्नान आटोपून मी पुन्हा आज्ञा लिहिली: आप्पा, त्यांच्या आत ‘धाकटी’. उत्तर आले, ‘ट्रू’. हे मात्र निखळ माझे आहे, कारण या वेळी मी आधी पाहून घेतले होते.

एवढ्यासाठीच हे पत्र. ती खोली रिकामी आहे आणि तुझा आवाज माझ्याकडच्या फितींत आहे. इतकी वर्षे त्या मी कुणाला दिल्या नाहीत. येत्या आठवड्यात ये, दोघी मिळून ठेवू. माझ्या खोलीपेक्षा तुझ्या खोलीत एकही फीत अधिक नको, इतके मात्र ठरवूनच ये.

तुझीच,
थोरली